दिवा विझला नव्हता

८ जून

थोर लेखक भाऊजी यांस,

आजपासून तुम्हाला अहोजाहो. लहानपणी तुमचं नाक पुसलं म्हणून काय झालं, आता तुमचं नाव पुस्तकावर सोनेरी अक्षरांत असतं. परक्या माणसाला मान द्यावा तसा देते आहे.

फोनच करणार होते. पण मी मुद्द्यावर आले की फोनवर तुम्हाला ऐकू येईनासं होतं. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तुमचं नवीन पुस्तक वाचलं. तुम्ही पाठवलं नाहीत, म्हणून उसनं वाचलं. शाळेतल्या बाई ड्रेसच्या मापाला आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत होतं. म्हणाल्या, तुमच्या दिरांचं ना, मुलं हातातून सोडत नाहीत, विज्ञान असं गोष्टीतून सांगितलं की डोक्यात बसतं हो. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. म्हटलं ठेवून जा, ड्रेस न्यायला याल तेव्हा परत न्या. बिचाऱ्यांचा ड्रेस अजून तसाच पडलाय, कारण त्या पुस्तकानं माझे हात चालेनासे झालेत.

मी गावच्या शाळेतली, बोट ठेवून वाचते. मधमाश्यांचं वाचून हसले. पिठात हवा कशी भरते ते वाचलं आणि कणकेकडे वेगळ्याच नजरेनं बघितलं. मग तो धडा आला, ‘विझलेला दिवा’.

त्यात एक पंपवाला आहे. पंपाला हात लावायच्या आधी तो त्याला थोपटतो आणि विचारतो, काय रे, रुसलास का. भाऊजी, पंपाशी असं बोलणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याचे शर्ट अजून माझ्या कपाटात आहेत.

तुमचा पंपवाला अडाणी आहे. सांडपाण्याच्या खड्ड्यात पंप अडकलाय. एक शिकलेला मुलगा त्याला सांगतो, आधी दोरीनं दिवा सोडून बघा. पंपवाला हसतो. म्हणतो, पोरा, माझी हयात गेली यात. उतरतो आणि मरतो. मग तो मुलगा दिवा सोडतो, आणि दिवा फक्कन विझतो. शेवटची ओळ मला पाठ झाली आहे. ‘एक साधा दिवा त्याचा जीव वाचवू शकला असता.’

दिवा सोडला होता, भाऊजी. तुम्हीच सोडला होता. तो विझला नाही. तुम्ही म्हणालात, दादा, हवा ठीक आहे, उतर. आणि ते उतरले, कारण धाकटा भाऊ कॉलेजात विज्ञान शिकतो याचा त्यांना कोण गर्व होता.

त्या गोष्टीवरून मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले आहे? नाही. तुम्हाला शिकवलं होतं तसं तुम्ही केलंत. काही ठिकाणी तळाला नुसती जड हवा साचते, तिथे दिवा विझतो. या खड्ड्यात होता तो दुसराच वायू, सडक्या अंड्याच्या वासाचा, माणूस मारतो पण दिव्याला हात लावत नाही. हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मला सांगितलंत. त्याचा राग नव्हता, आजही नाही.

राग याचा आहे की तुम्हाला हे सगळं माहीत असून तुम्ही उलटं छापलंत. ह्यांना मूर्ख केलंत ते मी गिळीनही कदाचित, वर्षभरात. पण तो धडा वाचून उद्या कोणी दिवा सोडेल, दिवा जळत राहील, आणि तो माणूस पुस्तकावर विश्वास ठेवून खाली उतरेल. त्याच्या बायकोला पत्र लिहिता येत असेल का कोण जाणे.

पुढच्या छपाईत धडा बदला. एवढंच काम आहे.

तुमच्या बायकोला आशीर्वाद. तुम्हाला नाही.

वहिनी


२४ जून

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. टाईप केलेलं, खाली सही. बँकेकडून येतं तसं.

तुम्ही लिहिता की पात्र काल्पनिक आहे. बरं. मग त्या काल्पनिक माणसाला ह्यांची शीळ, ह्यांची तिरकी भुवई आणि ह्यांचं पंपाशी बोलणं कोणी दिलं? काल्पनिकच हवा होता तर टक्कल द्यायचं होतं.

तुम्ही लिहिता की सामान्य वाचकाला एका गोष्टीत एकच चूक आणि एकच धडा पचतो. दिवा कधी विझतो, कधी विझत नाही असं सांगत बसलं तर वाचक गोंधळतो आणि पान उलटतो. आणि मग तुम्ही मलाच शिकवता की गोष्ट कशी रचतात.

जाऊ दे, अहोजाहो मला जमत नाही. ऐक आता.

तुला गोष्ट रचायला कोणी शिकवलं रे? नोकरीवरून यायचास आणि माझ्या शिवणाच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून वाचून दाखवायचास. पहिला लेख कुठला होता आठवतोय? ‘रक्तातील तांबड्या पेशींचे कार्य व महत्त्व’. मी बसल्याजागी घोरले होते. तू इतका रुसलास की जेवला नाहीस. तेव्हा मी म्हणाले होते, त्या तुझ्या पेशीला जायचंय कुठे? वाटेत तिला कोण अडवतं? ती वेळेत पोचली नाही तर कोणाचं काय बिघडतं? हे सांग, मग मी जागी राहीन. तू रात्रभर बसून लिहिलंस आणि सकाळी ती पेशी दमून भागून हृदयाच्या दारात उभी होती, आणि मी मशीन थांबवलं.

तेव्हापासून तुझी रीत ठरली. मशीन चालू राहिलं की तू पान फाडायचास. थांबलं की पेन्सिलीनं खूण करायचास. किती गिऱ्हाइकांच्या बाह्या तुझ्यापायी उशिरा झाल्या असतील. मी कुरकुर केली नाही, मला मजा यायची. धरणाचं, लसीचं, आगपेटीचं, सगळं मला त्या स्टुलावरून कळलं.

आणि हो, मीच सांगितलं होतं की गोष्टीत एक अडेलतट्टू हवा, त्याशिवाय ऐकणाऱ्याला चेव येत नाही. अडेलतट्टू हवा म्हणाले होते. घरातला नव्हे.

पण त्या सगळ्या वर्षांत मी तुला एकदा तरी म्हणाले का की गोड लागावं म्हणून विज्ञान बदल? पेशीला तू पाय दिलेस, चालेल, पेशीला पाय नसतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रक्त निळं असतं असं तू लिहिलं नाहीस. पाय देणं वेगळं आणि खोटं देणं वेगळं. हे तुला समजत नाही असं मी मानायला तयार नाही. तुला समजतं. तुला भीती वाटते.

कसली ते तू लिही. मी वाट बघते.

वहिनी


११ जुलै

तुझं उत्तर नाही. बरं झालं, मलाच सांगायचं आहे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला कापड रंगवायचा कारखाना आहे. तिथल्या कामगारांचे एप्रन मी शिवते. काल गठ्ठा पोचवायला गेले तर मागच्या अंगणात सगळे गोल उभे. सांडपाण्याच्या टाकीचं झाकण काढलेलं, शिडी जमिनीवर आडवी ठेवलेली, आणि एक कामगार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार. मुकादम टाकीच्या तोंडाशी वाकून दोरीला बांधलेला कंदील हळूहळू खाली सोडत होता. चांगल्या मनाचा माणूस आहे. इतर ठिकाणी काही न बघताच उतरवतात, हा बिचारा काळजी घेत होता.

मला बघून म्हणाला, या काकू, बघा, जळतोय. माझ्या मुलीनं पुस्तकात वाचलं, मला वाचून दाखवलं. फार छान गोष्ट आहे. तेव्हापासून मी दिव्याशिवाय कोणाला उतरू देत नाही.

फार छान गोष्ट. तुझी तारीफ कळवते आहे, कात्रण करून ठेव.

मला काय करावं सुचेना. बाईमाणूस, हातात एप्रनचा गठ्ठा, माझं कोण ऐकतं. मी शिडीवर जाऊन बसले. आडव्या शिडीवर, मधोमध, गठ्ठा मांडीवर घेऊन. तुला माझं वजन माहीत आहे. मुकादम म्हणाला, काकू, शिडी लागेल. मी म्हणाले, गुडघे धरलेत, जरा थांबा. थोड्या वेळानं परत म्हणाला. मी म्हणाले, अजून धरलेलेच आहेत. दोघे हसायला लागले, एक म्हणाला काकूंसकट उचलू या. मी म्हणाले उचल की, नवरा गेल्यापासून कोणी उचललं नाही. त्यावर तो लाजून मागे झाला.

मग मालक आला. त्याला हसू येत नव्हतं. काम अडलंय, उठा म्हणाला. तेव्हा मी सांगितलं.

“माझा नवरा असाच उतरला होता. उतरला तेव्हा दिवा जळत होता. त्याला वर काढला तेव्हाही दिवा जळतच होता.”

तो पँट दुमडलेला कामगार खाली वाकला आणि त्यानं एक एक करून दोन्ही पाय सरळ केले. मुकादमानं कंदील वर ओढला. ओढताना काच दगडावर वाजली.

मालक मात्र मला म्हणाला, “बाई, म्हणजे पुस्तक खोटं आहे?”

तुला काय काय बोलते मी, पत्रात, मनात, भांडी घासताना. पण चारचौघांत माझा दीर खोटं लिहितो असं म्हणायला जीभ उचलली नाही. मला माझीच चीड आली. शेवटी कुरकुरत त्यानं उपसायची गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत मी शिडीवरून उठले नाही, आणि खरंच सांगते, मग गुडघे खरोखरच धरले.

आता सांग, मी किती अंगणांत जाऊन बसू? तुझं पुस्तक किती गावांत गेलंय? मी एकच आहे.

वहिनी


३ ऑगस्ट

धड्याचा नवा मजकूर मिळाला. आधी बोट ठेवून वाचला, मग बोट काढून वाचला, मग उठून पाणी प्यायले.

दिवा आता विझत नाही. ठीक. तो वायू दिव्याला फसवतो हे तू छान लिहिलं आहेस. आधी वास येतो, मग नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं गेला वास, बरं झालं. शिवाय अशा टाकीत पेटता दिवा सोडला तर भडकाही उडू शकतो, हे मला नवीनच. त्या मुकादमाला जाऊन सांगितलं, तो खुर्चीत बसलाच.

आता बाकीचं.

ह्यांना तू देवमाणूस केलंस. आधी मूर्ख, आता देव. मधलं काही येतच नाही का तुला? ते चिडके होते, पत्त्यांत लबाडी करायचे, झोपेत लाथा मारायचे. देवमाणूस वाचून ते स्वतः सगळ्यांत आधी हसले असते.

मग खड्ड्याच्या काठावर तू मला उभी केली आहेस. मी ऊर बडवते आहे, केस सुटलेत. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून. अरे, मी तिथे नव्हतेच. मी घरी कॉलर उलटवत होते. तुला ते माहीत नाही असं नाही.

आणि हा कोण? ‘तेथे उपस्थित असलेला एक होतकरू तरुण’. तो दिवा सोडतो. तो म्हणतो हवा ठीक आहे. आणि पुढच्या वाक्यात तो नाहीसा होतो, जसा काही त्यालाच वायू लागला. होतकरू म्हणे. तुझ्या पुस्तकात जंतूसुद्धा ‘मी’ म्हणून बोलतो. पावाच्या पिठातलं खमीर ‘मी’ म्हणतं. चंद्र ‘मी’ म्हणतो. आणि जो खरोखर तिथे होता, तो एक तरुण.

गोष्ट हवी आहे ना तुला, वाचकाला बांधून ठेवणारी? मी देते. त्या दिवशी भर दुपारी दारात सावली पडली. बघते तर तू, हातात कंदील, पेटलेला. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि तू पेटता कंदील घेऊन चार रस्ते चालत आलेला. लोकांना वाटलं असेल पोराला वेड लागलं. मी विचारलं, दादा कुठे आहे. तू म्हणालास, “वहिनी, विझलाच नाही गं.” मी परत विचारलं, दादा कुठे आहे. तू परत तेच म्हणालास. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. तुझ्या हातातून कंदील काढून घेतला आणि फुंकला.

ही गोष्ट तुझ्या दोन्ही गोष्टींपेक्षा चांगली आहे. हिच्यात विज्ञानही सगळं आहे. हिच्यात नाही तो फक्त होतकरू तरुण.

तू म्हणशील, वहिनी, मी हे लिहिलं तर लोक माझं पुस्तक हातात धरणार नाहीत. ज्यानं सख्ख्या भावाला उतरवलं त्याच्याकडून विज्ञान कोण ऐकेल? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. त्याचंच ऐकतील. हुशार पोरानं केलेली चूक ऐकून हुशार पोरं सावध होतात. अडाण्याची चूक ऐकून ती फक्त हसतात. मुकादमाच्या मुलीला तुझ्या गोष्टीत ते हसणंच मिळालं होतं, आणि तिच्या बापाच्या हातात कंदील.

शाळेतल्या बाई सांगत होत्या की पंधरा तारखेला तू इथल्या वाचनालयाच्या सभागृहात गोष्टी सांगायला येणार आहेस. मला कळवलं नाहीस. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. नवीन ड्रेस शिवलाय, गडद लाल, म्हणजे तुला नीट दिसेन.

वहिनी


१६ ऑगस्ट

काल मी दिसले तुला. तू दारातून आत आलास, मला बघितलंस आणि पाण्याचा ग्लास उचलायला गेलास तो रिकामा होता. तरी तू प्यायलास.

मधमाश्यांवर लोक हसले. आगपेटीवर टाळ्या पडल्या. तुझा आवाज अजून छान आहे, मधे थांबतोस तेही छान. मग तू म्हणालास की आता दिव्याची गोष्ट, आणि माझ्याकडे न बघता सुरू केलीस. मी हाताची मूठ वळून बसले होते. खरं सांगते, तू ‘एक तरुण’ म्हणाला असतास तर मी उभी राहिले असते. काय बोलायचं तेही ठरलं होतं, आणि ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू म्हणालास, “तो दिवा मी सोडला होता. तो माझा भाऊ होता.”

पुढचं सगळं सांगितलंस. ऊन सांगितलंस, कंदील सांगितलास, फुंकर सांगितलीस. आणि संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. एकही नाही. आयोजक घाईघाईनं उठून आभार मानायला लागले, त्यांच्या हातून फुलंही द्यायची राहिली. तू मान खाली घालून बाजूच्या दारानं गेलास. मी बाहेर येईपर्यंत तुझी गाडी गेलेली.

तुला वाटलं असेल पडलो. वहिनीच्या हट्टापायी नाक कापलं गेलं. आता घरी बसून माझ्या नावानं बोटं मोडत असशील. मोड. मीही तुला माफ केलंय असं समजू नकोस. मला वाटलं होतं तू ‘मी’ म्हणालास की माझा राग उतरेल. नाही उतरला. तू त्या शब्दाला इतकी वर्षं लावलीस, याचा नवाच राग आला.

पण तू पळालास म्हणून तुला पुढचं कळलं नाही, ते सांगायला हे पत्र.

लोक उठलेच नाहीत. मग हळूहळू आपापसांत बोलायला लागले, कोणाचा मामा कुठल्या विहिरीत गेला, कोणाच्या कारखान्यात काय झालं. टाळ्या कशा पडणार, सगळ्यांचे हात तोंडावर होते. मी तुझी वहिनी हे बाईंनी तोवर सगळ्यांना सांगून टाकलेलं. माझ्याभोवती गर्दी झाली. त्यात एक माणूस होता, रबरी बूट घातलेला, एका कापडाच्या गिरणीत टाक्या साफ करतो. गोष्टीला नव्हता आला, सभागृहाची गटार तुंबली म्हणून त्याला बोलावलं होतं. दाराशी उभं राहून त्यानं पूर्ण ऐकलं होतं.

त्यानं मला विचारलं, “काकू, दिव्यानं कळत नाही. मग कशानं कळतं?”

मी म्हणाले, तू उतरूच नको. तो हसला. कुचकट नाही, थकलेला. म्हणाला, उतरू नको हे तुम्ही मला सांगू शकता, मी मालकाला सांगू शकत नाही. मालक म्हणेल, इतकी वर्षं दिव्यावर चाललं, आता तुला काय झालं. मला मोठ्या माणसानं लिहिलेलं काहीतरी द्या, मी त्याच्या टेबलावर ठेवतो.

मी आजूबाजूला बघितलं. बाई होत्या, त्या मुलांना विज्ञान शिकवतात. त्यांना माहीत नव्हतं. आयोजकांना माहीत नव्हतं. मला तर नाहीच. तू आम्हाला सगळ्यांना खड्ड्याच्या काठापर्यंत आणलंस, खाली बघायला लावलंस, आणि निघून गेलास. गोष्ट इतकी चांगली सांगितलीस की पहिल्यांदा कोणीतरी खरा प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला तू जागेवर नाहीस. यापेक्षा तू पडला असतास तर बरं.

त्याची टाकी सोमवारी उघडणार आहे. त्याच्या आधी मला एक पान हवं. हवा कशानं मोजतात, ते यंत्र कोणाकडे मिळतं, पंखा कुठून लावायचा, कोणाला बोलावल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आत कोणी पडला तर त्याच्यामागे लगेच का उडी घ्यायची नाही. मालकाला कळेल असं, आणि टाकीवाल्याला वाचता येईल असं. मोठ्या अक्षरात. वर तुझं नाव घाल, ते सोनेरीतलं. त्याचा उपयोग होऊ दे एकदा.

या वेळी गोष्ट नको. नुसतं सांग.

वहिनी